सहीला दिलेला नकार

मुलुंडच्या महापालिका रुग्णालयात आई अठ्ठावीस वर्षं आया होती. बाळंतिणींचं सगळं तिनंच काढलं. पण बाबांना लकवा मारला तेव्हा तिथलं स्कॅनचं मशीन बंद होतं. स्कॅनसाठी बाहेर नेऊन परत आणेपर्यंत दुपार गेली आणि बाबा पुन्हा बोललेच नाहीत. आठवड्यात गेले.

त्यामुळे रुग्णालय खासगी संस्थेला चालवायला देणार असं ऐकलं, तेव्हा मला बरंच वाटलं. आई निवृत्त झाली होती, तरी विरोधाचे अर्ज घेऊन सोसायटीभर फिरत होती. माझ्यापुढेही तिनं कागद ठेवला.

"सही कर गं."

"नाही करणार. निदान मशीनं तरी चालतील."

"मशीन दुरुस्त करा म्हणून भांडायचं, की हॉस्पिटलच देऊन टाकायचं?"

"बाबांच्या वेळी कोण भांडलं?"

हे मी बोलायला नको होतं. ती कागद घेऊन निघून गेली.

रुग्णालय दिलं गेलं. वर्षभरानं एका सकाळी आईला धाप लागली, ओठ निळे पडले. रिक्षात ती तिच्या माहेरच्या मालवणीत म्हणाली, "माका माझ्याच हॉस्पिटलात घेवन चल."

तिथे सगळं चकाचक. स्कॅन वीस मिनिटांत झाला. मी मनात म्हटलंसुद्धा, बघ आई. मग तरुण डॉक्टर खाली मान घालून आला. फुप्फुसात गुठळी होती, आयसीयू लागणार होतं. पालिकेच्या दरातल्या खाटा मोजक्याच, त्या भरलेल्या.

"आत दोन खाटा रिकाम्या दिसतायत," मी म्हटलं.

"त्या खासगी दराच्या कोट्यातल्या आहेत, ताई. आधी लाखांत अनामत भरावी लागते. माझ्या हातात नाही."

"अहो, ही इथेच आया होती."

त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या सरकारी रुग्णालयात त्यानं स्वतः फोन लावले. अँब्युलन्स यायला तीन तास गेले. तोवर आई कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्या आयांकडे बघत होती, त्यांतली एकही ओळखीची नव्हती. सगळ्या कंत्राटावरच्या.

दुसऱ्या रुग्णालयात तिला खाट मिळाली, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

भाऊ म्हणतो, तू सही केली असतीस तरी काही बदललं नसतं. खरं असेल. पण ती दारोदार फिरत होती तेव्हा मी घरात बसून होते, आणि ते तिला माहीत होतं.