हार्लन क्लिंगरचा पट्टा

कोंबड्या भाजायची मोठी जाळी एकट्याला उलटवता येत नाही. लोखंडी चौकट, दोन्ही टोकांना दांडे, आत उभ्या चिरलेल्या कोंबड्या गच्च बसवलेल्या. एक माणूस या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पहिला ओरडतो, "उलट!" आणि दोघांनी एका दमात उलटवायची. एक जण जरा मागे राहिला की कोंबड्या निखाऱ्यांत.

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या या गावात ऑगस्टच्या जेवणावळीला "उलट!" म्हणायचा मान हार्लनचा. दुसरं टोक माझं. हार्लन दगडाच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि कामाला चोख होता. व्हिनेगर, तेल आणि मीठ तो स्वतः कालवायचा आणि फवारणीच्या पंपाने कोंबड्यांवर मारायचा. पंपाला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे.

खाणीवरची नोकरी सुटली आणि त्याने पिस्तूल घेतलं. ते कमरेला लावून तो न्हाव्याकडे जाई, चर्चला जाई, एकदा तर दाढ काढायलाही गेला. त्याची बायको व्हर्ना म्हणायची, "लग्नातली अंगठी महिनाभर घातली नाहीस, आणि हे मात्र आंघोळीपुरतं निघतं."

एका वर्षी गावच्या बागेतल्या याच जेवणावळीत तो पडलेला चमचा उचलायला वाकला. पिस्तूल सुटलं आणि कोबीच्या कोशिंबिरीत पडलं. गोळी सुटली नाही. कोशिंबीर मात्र कुणी खाल्ली नाही, आणि ती नगराध्यक्षांच्या सासूबाईंनी केलेली होती. पुढच्याच बैठकीत ठराव झाला: बागेत शस्त्र आणायला बंदी.

पाटी मी रोवली. रस्ते खात्यातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं. बागेची जमीन वरून माती आणि खाली कातळ. पहारीने खणलं, खांब ओळंब्यात उभा केला, काँक्रीट ओतलं. हार्लन शेजारी उभा राहून बघत होता.

"लेस्टर, तू माझ्या हक्काची कबर खणतोयस."

"खणतोय खरा. जरा खांब धर, वाकडा होतोय."

त्याने धरला. काम वाकडं झालेलं त्याला बघवत नाही. मग जाहीर केलं, "पिस्तुलासकट जाळी उलटवीन, नाहीतर आयुष्यात दांड्याला हात लावणार नाही." हे त्याने न्हाव्याच्या दुकानात जाहीर केलं, म्हणजे परत घेण्याची सोय उरली नाही.

त्याने गावावर दावा लावला. हॅरिसबर्गहून पॉलिश केलेल्या बुटांचा एक तरुण वकील आला. म्हणाला, "क्लिंगरसाहेब, तुम्हाला बागेत जायचंय आणि बंदीमुळे जाता येत नाही, हे दिसलं पाहिजे. तुम्ही बागेत फिरायला जाता ना?"

हार्लन कधीच फिरायला गेला नव्हता. घरची पत्रपेटी अंगणाच्या फाटकाशी आहे, तिथेही तो ट्रक घेऊन जातो. आता तो रोज सकाळी बागेच्या फाटकापर्यंत येऊन, पाटी वाचून, दुःखी चेहऱ्याने परत जाऊ लागला. तब्येत सुधारली. पोट उतरलं. व्हर्ना म्हणाली, "हा खटला आणखी दोन वर्षं चालू दे, देवा."

न्यायालयात गावाच्या वकिलाने विचारलं, "या बागेत तुमच्यावर कधी हल्ला झालाय?"

हार्लनने शपथ घेतली होती. खोटं बोलता येईना. म्हणाला, "झालाय."

"कुणी केला?"

"हंसाने."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लागला.

पण निकाल हार्लनच्या बाजूने लागला. शस्त्राचे नियम राज्याने करायचे, गावाने नाही, असं राज्याचा कायदाच सांगतो. ठराव रद्द. खटल्यात मधला एक ऑगस्ट गेला. त्या वर्षी हार्लनच्या टोकाला आमचे पाद्री होते. मी "उलट" म्हणायचो आणि ते "हो का?" म्हणायचे. ख्रिस्ती धर्मात सांगितलेली सगळी क्षमा लोकांनी त्या दिवशी ताटातल्या राखाळ कोंबडीवर खर्च केली.

पाटी काढायला रस्ते खात्यातली नवी मंडळी यंत्र घेऊन आली. खांब हलला नाही. मग त्यांनी मला बोलावलं, आणि काँक्रीट फोडताना माझी पाठ धरली. वकिलाने त्या खड्ड्यापाशी हार्लनचा फोटो काढला. पाठीचा फोटो कुणी काढला नाही.

आता एक गोष्ट. बागेचा वरचा भाग गावाचा. खालचा भाग, जिथे भाजायचा खड्डा आहे, तो चर्चच्या महिला मंडळाचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणाच्याच ध्यानात नव्हतं. गवत दोन्हीकडचं गावच कापायचं. मंडळाची अध्यक्ष व्हर्ना. तिच्या ध्यानात होतं.

जेवणावळीच्या आदल्या दिवशी ती एक फळी घेऊन माझ्या दारात आली. निळ्या रंगाने लिहिलं होतं: "महिला मंडळाची जागा. पिस्तुलाला आमंत्रण नाही."

"बाई, हे त्याला सांगितलंस?"

"खटला घालताना त्याने मला विचारलं होतं?" मग जरा थांबून म्हणाली, "लेस्टर, तो निखाऱ्यांवर वाकतो. कमरेला गोळ्या. अवतीभवती पोरं. हंस चावला तर मी औषध लावीन. हे फुटलं तर काय लावू?"

मी पाटी रोवली. या वेळी काँक्रीट घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी हार्लन आला. नवी टोपी, कमरेला पिस्तूल, काखेत पंप. पाटी वाचली. पुन्हा वाचली. अक्षर ओळखीचं होतं.

"व्हर्ना! मी खटला जिंकलोय!"

"गावाशी जिंकलास. ही जागा आमची. जागामालकाने नको म्हटलं की नको. तुझाच वकील म्हणाला होता आपल्या स्वयंपाकघरात, माझी ॲपल-पाय खात खात."

हार्लन कुंपणाबाहेर उभा राहिला. आम्ही जाळी चढवली. माझ्यासमोर पुन्हा पाद्री. कुंपणावरून आवाज आला, "निखारे डावीकडे जास्त झालेत!" मग, "लेस्टर, पाणी मार, पाणी!" मग, "उलट! अरे आता उलट!" आम्ही उलटवली. पाद्री मागे राहिले. कडेच्या तीन कोंबड्या राखेत गेल्या.

"अरेरे," पाद्री म्हणाले.

कुंपणाबाहेर जो आवाज निघाला तो पाद्र्यांसमोर काढण्यासारखा नव्हता. रांगेतली माणसं ताटं घेऊन बघत होती, कोंबड्यांकडे नाही, हार्लनकडे. त्याने हात पिस्तुलाकडे नेला.

"पोरांसमोर ते बाहेर काढायचं नाही!" व्हर्ना गरजली. "पट्ट्यासकट ठेव!"

त्याने पट्टाच सोडला, गुंडाळला, ट्रकमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि फाटकातून आत निघाला. पण रोज फाटकापर्यंत चालून पोट उतरलेलं, आणि विजार त्या पट्ट्यावरच टिकलेली. एका हाताने विजार धरून तो खड्ड्याशी आला. जाळीला मात्र दोन हात लागतात.

कुणी हसलं नाही. म्हणजे तोंड उघडून हसलं नाही. व्हर्नाने स्वतःचा फुलाफुलांचा एप्रन काढला, त्याच्या कमरेला बांधला आणि मागे गाठ अशी आवळली की त्याचा श्वास अडला.

"घट्ट झालं?"

"झालं."

"छान."

त्याने पाद्र्यांच्या हातातून दांडा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. "उलट!" म्हणाला. उलटली. तेलाचा एक थेंब बाहेर पडला नाही.

सोमवारी त्याने वकिलाला फोन केला. महिला मंडळावर दावा लावता येईल का? व्हर्ना सांगते, वकिलाने त्यावर तिच्या ॲपल-पायची कृती मागितली.

यंदाच्या ऑगस्टला हार्लन सगळ्यांच्या आधी आला. पाटीकडे बघितलं नाही. काखेत पंप होता, आणि विजार पेलायला खांद्यांवरून दोन रुंद, नवे, लाल गॅलिस.