दाइसुगी आणि माझा अंगठा

सनीव्हेलहून निघतानाच पुतण्यानं, मंदारनं, बजावलं, "काका, तिथं कशालाही टच करायचं नाही हं."

मी भाबडा चेहरा केला. खरं तर मी वहिनींचा हुकूम घेऊन अमेरिकेला आलो होतो: मंदारला नाशिकला परत आणायचं. त्याचं अर्धं मन तयार होतं. उरलेलं अर्धं डोंगरातल्या तानाका नावाच्या म्हाताऱ्या जपानी माळ्याकडे होतं. तीन वर्षं दर रविवारी मंदार तिथं पालापाचोळा झाडत होता. आज त्याच्या हाती पहिल्यांदा करवत येणार होती.

"आज दाइसुगी!" तो म्हणाला. मी 'सुगी' एवढंच ऐकलं आणि बाह्या सरसावल्या.

पाहतो तर सुगी म्हणजे देवदारासारखं झाड आणि दाइ म्हणजे बैठक. बुटका, जाडजूड बुंधा आणि त्याच्यावर सरळसोट वासे. जणू एखादी गलेलठ्ठ आत्याबाई डोक्यावर बांबूंची मोळी घेऊन फोटोला उभी! खालच्या फांद्या छाटत वासा बिनगाठीचा वाढवायचा, तेवढाच कापायचा. बुंधा जिवंत राहतो, पुन्हा कोंब फुटतात.

मंदार शिडीवर चढला, तानाकासाननी (सान म्हणजे आपलं 'राव') शिडी धरली. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नाही, हे मला सोसत नाही. शेजारच्या बुंध्यावर चार कोवळे कोंब दिसले. मी पडलो द्राक्षबागायतदार. फेलफुटी (नको असलेल्या फुटी) दिसल्या की आमचा अंगठा आपोआप चालतो. टक्, टक्, टक्. एक टपोरा तेवढा राखला.

"काकाऽऽ! यार, ती द्राक्षं नाहीत!"

तानाकासाननी तिन्ही कोंब तळहातावर घेतले. "राखलेला कोंब चांगला निवडलाय," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "पण आता हा एकच. वीस वर्षं जपावा लागेल. मी ऐंशीचा."

मंदार शिडीवरून उतरला, कमरेत वाकला. "मी जपेन."

म्हाताऱ्यानं करवत त्याच्याकडेच ठेवली आणि खराटा माझ्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत मी अख्खी बाग झाडली.

नाशिकला दारातच वहिनींनी गाठलं. "भाऊजी, कधी येतोय मंदार?"

झाड न पाडता लाकूड कसं काढावं, हे मी पाहून आलो होतो. आईचा चेहरा न पाडता खरं कसं सांगावं, हे कोणी दाखवलं नव्हतं.

"वासा तयार झाला की," मी म्हणालो.

"अगंबाई, म्हणजे घर बांधतोय!" वहिनी साखर आणायला आत पळाल्या.