टेक्सासची गोष्ट, हौगांगच्या आंटी

सिंगापूरला पोस्टडॉक करत होते तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर टेक्सासची एक मुलगी बसायची. घराणं मूळचं मेक्सिकन. सीमेवरच्या गोऱ्या वस्त्यांनी तिच्या लोकांना कसं वागवलं, हाच तिचा अभ्यास. विभागानं तिचं पहिलं जाहीर व्याख्यान ठेवलं आणि ती घाबरली.

"इथे टेक्सासचं ऐकायला कोण येणार?"

"न यायला काय झालं?" म्हणत मी कामालाच लागले. मराठी मंडळातल्या ओळखीच्यांना फोन केले. हौगांग भागात ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचे, त्या चिनी आंटींनाही गळ घातली. आणि खोली भरली की! जादा खुर्च्या मीच ओढून आणल्या.

ती बोलू लागली. तिच्या पूर्वजांची कुरणं आधी मेक्सिकोत होती. अमेरिकेशी युद्ध झालं, सीमा सरकली, आणि ती माणसं आपल्याच रानात परकी ठरली. कोर्टकचेऱ्यांत जमिनी गेल्या. पुढे हॉटेलांच्या दारांवर 'मेक्सिकनांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या. तिची आजी मेक्सिकन पोरांच्या वेगळ्या शाळेत गेली. तिथेही स्पॅनिश बोललं की छड्या.

मंडळातले एक काका उठले. "पण मुलांना इंग्रजी यावं म्हणूनच करत असतील ना?"

ती उत्तर देणार तोच आंटी उभ्या राहिल्या. घरी माझ्याशी कामापुरतंच बोलणाऱ्या आंटी!

"इंग्रजी शिकवायला मारावं लागत नाही, लाह," त्या खास सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. "मी शाळेत हॉक्येन, आमची घरची चिनी बोली, बोलले म्हणून बाईंनी गळ्यात पाटी अडकवली. दिवसभर. घरी आईला सांगितलं नाही. तिला हॉक्येनशिवाय दुसरं काही येतच नव्हतं."

मग काकाच हळू आवाजात म्हणाले, "मलाही इथे फ्लॅट बघताना 'इंडियन नको' असं तोंडावर ऐकवलंय. बायकोलासुद्धा नाही सांगितलं."

झालं! एकामागून एक हात वर. मैत्रिणीनं टिपणं बाजूला सारली आणि ती सरळ लोकांत येऊन बसली. खोली बंद करायला आलेला माणूसही दारात उभा राहून ऐकू लागला.

"जेवायला आमच्याकडे चल," आंटींनी तिला फर्मावलं. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दोघी शेजारी बसल्या, एकमेकींचं वाक्य तोडत बोलत सुटल्या. मी समोर दांडा धरून उभी. इतकी खूश होते की हौगांग आलेलं मला कळलंच नाही. आंटींनी हात धरून खाली उतरवलं.