टाचेखालची फळी

“मल्लाप्पा, टाच!” मी ओरडलो. त्यानं टाच टेकवली आणि खांद्यावरच्या बारबेलसकट तो मागे कलंडायला लागला. मी पाठीमागून बार धरला म्हणून निभावलं.

सोलापुरातल्या आमच्या तालमीत तेव्हा बारबेल नवाच आला होता. लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना प्लेटा. तो मानेमागे खांद्यांवर घ्यायचा, खाली बसायचं आणि उठायचं. तालमीचे अध्यक्ष रावसाहेब एका गिरणीत मॅनेजर होते, त्यांनीच तो मुंबईहून मागवला. मी तिथला वस्ताद. बैठका शिकवण्यात माझे केस पांढरे झालेले. यात नवीन ते काय, असं मला वाटलं होतं.

घोडं तिथेच पेंड खात होतं. आमच्याकडची बैठक चवड्यांवर असते. खाली जाताना टाच उचलायची, हात झुलवायचे आणि उसळून वर यायचं. रिकाम्या अंगानं ते चालतं. खांद्यावर अडीच मण असले की टाच जमिनीलाच हवी, कंबर आधी मागे जायला हवी, नाहीतर सगळा भार गुडघ्यांवर. मल्लाप्पा एरवी उकिडवा बसायचा तेव्हा त्याची टाच छान टेकायची. वजन आलं की अंग जुनंच करायचं. दहा वर्षं रोज पाचशे बैठका त्यानं माझ्यासमोर काढल्या होत्या. मी नुसता आकडा मोजत आलो होतो.

मल्लाप्पा अक्कलकोटकडचा. रावसाहेबांच्याच गिरणीत रुईच्या, म्हणजे कापसाच्या गाठी उचलायचा. रुईच्या धुळीनं त्याला धाप लागायला लागली होती. हनुमान जयंतीला पाहुण्यांसमोर अडीच मण घेऊन पाच बैठका मारल्यास त्याला गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याचा जमादार करू, असा रावसाहेबांनी शब्द दिला होता. फाटकावर धूळ नव्हती.

मी रावसाहेबांकडे गेलो. “वजन निम्म्यावर आणतो. दोन महिने द्या.”

“पाहुण्यांना निम्मं वजन दाखवू? पत्रिका छापून झाल्यात, वस्ताद.”

“त्याचा गुडघा जाईल.”

“दहा वर्षं तुमच्या हाताखाली आहे. मग शिकवलंत काय?”

हे मला झोंबलं. मी पळवाट काढली. बोटभर जाडीची फळी त्याच्या टाचांखाली सरकवली. उचललेल्या टाचेला आधार मिळाला, तोल सावरला. दुखणं तसंच राहिलं, फक्त झाकलं गेलं.

मल्लाप्पा खूश. “वस्ताद, आता जमतंय की! फाटकावर हुबा ऱ्हायलो की पयला सलाम तुमाला.”

जयंतीच्या दिवशी बारबेल फरशीवर नव्हता. सगळ्यांना दिसावं म्हणून रावसाहेबांनी तो कुस्तीच्या हौदात, तांबड्या मातीत ठेवायला लावला होता. मी मातीत फळी मांडली. मल्लाप्पानं माती कपाळाला लावली, फळी पाहिली आणि उचलून हौदाबाहेर ठेवली.

“अरे, राहू दे ती,” मी हळूच म्हणालो.

“मातीत पायाबिगर काय बी ठेवायचं न्हाय. तुमीच सांगितलंय की.”

मीच सांगितलं होतं. त्या मातीत चप्पल घेऊन आलेल्याला मी एकदा कानफटात दिली होती. तरी मल्लाप्पाला तिथेच थांबवायला हवं होतं. पण पाहुणे बघत होते, रावसाहेब बघत होते, आणि मला माझाच शब्द मोडायची लाज वाटत होती. मी म्हणालो, “बरं.”

दोन बैठका नीट झाल्या. तिसरीला टाच उठली, चवड्याखालची भुसभुशीत माती सरकली आणि उजवा गुडघा आत वळला. मी आणि तालमीतल्या एका गड्यानं बार ओढून काढला.

गुडघा काही बरा झाला नाही. फाटकावर दुसरा माणूस लागला. गाठी उचलण्याचं काम तर गेलंच. रावसाहेब म्हणाले, “नशीब एकेकाचं.”

वर्षभरानं मल्लाप्पा काठी टेकत तालमीच्या दारात आला. काखेत फळी होती.

“त्या दिशी माज्या सामानात आलती. तुमची हाय, म्हणून आणली.”

मला तोंड वर करवेना. घोंगडं अंथरून मी म्हणालो, “बस जरा.”

“बसायला येत न्हाय आता, वस्ताद,” तो म्हणाला आणि उभ्या उभ्याच पाणी प्यायला.

आता नवा गडी आला की मी बैठका मोजत नाही. टाच बघतो. ती उठली की थांबवतो, मग कोणीही बघत असो.