रघुवीर धुरींचे शिरवाळे

रघुवीर धुरी अठरा वर्षं आमच्या लालबागच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी आहेत. हजार-बाराशे माणसांचा महाप्रसाद ते दरवर्षी जातीने करवून घेतात. यातला 'करवून' हा शब्द महत्त्वाचा. बायका भाजी चिरतात, आचारी शिजवतो, पोरं वाढतात, आणि धुरी गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध उभे राहतात. एवढ्या अनुभवानंतर स्वयंपाकातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. घरातल्या गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं, हा किरकोळ तपशील तेवढा चौपन्नाव्या वर्षापर्यंत त्यांना लागला नव्हता.

त्यांची बायको कालिंदी दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सकाळी साडेदहापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायच्या, परत घड्या घालायच्या, आणि घरी येऊन धुरींना जेवायला वाढायचं, असा तिचा आरामशीर दिनक्रम.

यंदा चाळीतल्या हळदीकुंकवाला खेळ ठेवले होते. माईक घेतलेल्या मुलीने कालिंदीला विचारलं, "काकी, काकांनी तुमच्यासाठी शेवटचं काय बनवलं?"

कालिंदी म्हणाली, "काकांनी? पंचवीस वर्षं मलाच बनवतायत."

बायका खुर्च्यांवरून पडायच्या बाकी राहिल्या. कोणीतरी त्याचा व्हिडिओ चाळीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपचे अ‍ॅडमिन अर्थात धुरीच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाचं लेटरहेड काढलं आणि वर लिहिलं, 'लग्नाचा पंचविसावा वाढदिवस – रोमँटिक डिनर (घरगुती)'. खाली विभाग पाडले. प्रकाशयोजना – र. धुरी. सजावट – र. धुरी. भोजन – र. धुरी. अठरा वर्षांत कामाच्या यादीत त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

प्रकाशयोजना आणि सजावट त्यांची मुलगी स्पृहा हिने पुण्याहून फोनवर निकालात काढली. मेणबत्त्या, मोगरा, हळू आवाजात गाणी. "आणि बाबा, टेबलावर मंडळाचा बॅनर नको हं," एवढं तिने बजावलं. तो विचार धुरींच्या मनात येऊन गेला होता हे तिला कसं कळलं, देव जाणे.

भोजनापाशी गाडी अडली. 'कालिंदीचा आवडता पदार्थ' असं लिहून त्यांनी पुढे दोन टिंबं दिली, आणि पेन तिथेच थांबलं. धुरींना काय आवडतं, कुठल्या वाराला आवडतं आणि किती तिखट आवडतं, हे कालिंदीला पाठ होतं. उलट दिशेने चौकशी करायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी वडाळ्याला तिच्या थोरल्या बहिणीला, शेवंतीला, फोन लावला.

"तिका शिरवाळे आवडतत," शेवंती म्हणाली. "नारळाच्या रसातले. पण करतला कोण?"

"मी."

शेवंतीने विचारलं, "तुमी बरे आसास मा?"

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या ताज्या शेवया. उकडीचे मुटके पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे आणि वरून दांडा दाबायचा. साचा शेवंतीकडे होता, तिच्या आईचा. तीन पायांचा, लहान मुलाएवढा. ते धूड चादरीत गुंडाळून धुरी टॅक्सीने घेऊन आले, तेव्हा जिन्यात चार जणांनी विचारलं, "कोणाला काय झालं?"

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी अर्धी रजा टाकली आणि दुपारी तीनला दार लावून घेतलं. इथेच पहिली चूक झाली. आमच्या चाळीत दार लागतं ते झोपताना, नाहीतर घरात काही भयंकर घडलं तर. साडेतीनपर्यंत पाच जणांनी ते वाजवलं. तळमजल्यावरच्या आजींनी तर बाहेरूनच सांगितलं, "रघू, काय असेल ते बोल बाबा, मनात ठेवू नको."

आत भोजन विभाग जोरात होता. पहिली उकड हाताला चटके बसतात म्हणून धुरींनी पंख्याखाली गार केली. तिचे दगड झाले. दुसरी उकड मळली, पण मुटके पाण्यात विरघळले आणि पातेलंभर खळ तयार झाली. तिसऱ्या वेळी हात पोळून घेतले तेव्हा मुटके जमले. नारळाचा रस मात्र पहिल्याच फटक्यात छान झाला. वेलची त्यांनी सालासकट अख्खी टाकली होती, पण ते चालून जाण्यासारखं होतं.

सात वाजून गेल्यावर मुटका साच्यात घालून धुरींनी दांडा दाबला, आणि साचा त्यांना घेऊन मोरीपर्यंत सरकला. हे काम दोन माणसांचं आहे, एकाने पाय धरायचे आणि दुसऱ्याने वजन टाकायचं, हे शेवंतीने सांगितलं नव्हतं. तिला बहुधा इथपर्यंत मजल जाईल असं वाटलंच नसावं.

सेक्रेटरींनी मग अनुभवाप्रमाणे केलं. कार्यकर्ता बोलावला. शेजारचा लवू त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, वजन ब्याण्णव किलो.

"रघ्या, कसला वास येतोय रे? आणि लाईट का घालवलीस?"

"रोमँटिक आहे. गपचूप बस यावर."

त्यामुळे आठ वाजता कालिंदीने दार ढकललं तेव्हा आत सहा मेणबत्त्या, ताटलीत मोगऱ्याचा गजरा, मंद गाणं, साच्याच्या दांड्यावर बनियनमधला लवू, आणि त्याच्या पायाशी साच्याला मिठी मारून बसलेले घामाघूम धुरी, असं दृश्य होतं.

तिने दोघांकडे पाहिलं. "मी नंतर येऊ का?"

लवू बनियन खाली ओढत निघाला. जाताना "वहिनी, हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी" म्हणाला. कालिंदीने पर्स ठेवली, साच्याजवळ गेली आणि त्याच्या लाकडावरून हात फिरवला. "हा आईचा ना?"

"शेवंतीताईंकडून आणला. तुला आवडतात म्हणाल्या."

"आवडतात." ती पदर खोचायला लागली. "व्हा बाजूला. मुटके गार होतील. लहानपणी दाबायला मीच असायचे. शेवंती नाजूक ना! सगळ्यांची जेवणं होईपर्यंत दाबत बसायचं. माझ्या पानात पडेपर्यंत शिरवाळ्यांची वडी झालेली असायची."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. साडीची घडी घालावी तसं सहज सांगितलं. धुरी बाजूला झाले नाहीत.

"म्हणजे गरम कधीच नाही खाल्लेस?"

"दाबणाऱ्याला कसे मिळणार?"

धुरींनी तिचा खोचलेला पदर सोडवला, तिला खुर्चीवर बसवलं, पुढे पान मांडलं. मग दार उघडून गॅलरीत गेले आणि महाप्रसादाच्या वेळचा आवाज लावला, "लव्या! परत ये!"

तिसऱ्या माणसाला हाका मारून बोलावलेलं रोमँटिक डिनर जगात दुसरं झालं असेल असं वाटत नाही. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्हीही कठड्याला टेकून रीतसर हजर होतो. लवू दांड्यावर बसला, धुरींनी एका हाताने साच्याचे पाय धरले आणि दुसऱ्या हाताने खाली ताटली. वाफाळते शिरवाळे, वर रस. शेवया कुठे जाड, कुठे तुटक. कालिंदीने पहिला घास घेतला. पापणीवर काहीतरी चमकलं. वाफेमुळे असेल.

मग तिने ताटली पुढे केली. "अजून."

तिने चार वेळा मागून घेतलं. वेलच्या शांतपणे काढून ताटाच्या कडेला ठेवल्या. धुरींना जेवायला मिळालं तेव्हा त्यांचे शिरवाळे गार झाले होते, आणि ते छान झालेत असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते. मोरीत पातेल्यांचा डोंगर होता. 'भांडी' हा विभाग लेटरहेडवर नव्हता, पण कालिंदीने तो तिथल्या तिथे र. धुरींना देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर धुरींनी सविस्तर अहवाल टाकला. त्यात लवूचा उल्लेख 'इतर सहकार्य' असा होता. लवूला त्याचं वाईट वाटलं नाही. तो अहवाल त्याच्या बायकोने, सीमाने, वाचला याचं वाटलं.

"दुसऱ्यांच्या बायकांसाठी साच्यावर बसता," ती एवढंच म्हणाली, आणि माहेरी भायखळ्याला दोन दिवस राहायला गेली.

सीमा परत यायची होती त्या रविवारी सकाळी लवूच्या घरातून करपलेल्या पोह्यांचा वास आला. दार लावलेलं होतं. धुरी मदतीला गेले, तर त्याने आतूनच सांगितलं, "तू जा रे, तुझ्यामुळेच झालंय सगळं."