प्रणालीनं भरलेली हवा

फोन बाबांनी घेतला. मी समोरच बसले होते. माझ्या नव्या पत्रकाच्या मसुद्यावर त्यांची लाल पेन्सिल फिरत होती. ‘हं... हं...’ एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि पेन्सिल तशीच टाकून ते परसात गेले. “प्रणाली गेली,” सायकलीचं सीट धरून ते म्हणाले, “डोक्यात रक्तस्राव झाला म्हणते तिचा भाऊ.” स्वतःच्या वडिलांच्या तिरडीलाही कोरड्या डोळ्यांनी खांदा देणारा हा माणूस सायकलीवर कपाळ टेकून रडला. रडले मीही. पण रडताना बाबांकडे पाहत होते... माझ्यासाठी ते असे रडतील का, हा प्रश्न तेव्हाच मनात आला, आणि तो अजून गेलेला नाही.

प्रणाली आमची शेजारीण, माझ्याच वयाची. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर तिचं मासेमारी करणारं ढिवराचं कुटुंब कोंढ्याजवळ आमच्या वस्तीत आलं. बाबा धरणग्रस्तांची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि सायकलीवरून गावोगाव वाटायचे. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. छापखान्यातून आलेला गठ्ठा शाईनं चिकटलेला असे. बाबा तो दोन्ही हातांनी वाकवून, फुंकर मारून पानं सुटी करत. “गठ्ठा देऊन काही होत नाई. पान पान सुटं झालं पायजे, घरोघरी गेलं पायजे.” आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसून तेच करायचो. तिची बोटं माझ्याहून चपळ होती, आणि बाबा ते बोलून दाखवायचे.

पुढे ती रबराचं शास्त्र शिकली आणि दूर एका टायर कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. तिचं काम काय, तर रबरात माती मिसळायची. एका दिवाळीत ओट्यावर बसून तिनं बाबांना ते समजावलं. “काकाजी, ही माती म्हंजे तुमचा पत्रकाचा गठ्ठाच. कागदाहून कितीतरी पातळ पापुद्रे, एकमेकाले चिकटलेले. तसेच टाकले तं रबरात नुसते खडे. पण पापुद्रे सुटे झाले, मधात रबर शिरलं, तं टायर मजबूत होते. अन् हवेले बाहेर निघाले वळसे घ्या लागते.”

“म्हंजे हवा घरोघरी थांबत जाते,” बाबा म्हणाले, आणि दोघं हसत सुटले.

“अन् फायदा कोणाले? कंपनीलेच ना?” मी विचारलं.

“टायर हलका झाला तं इंधन वाचते वं.”

“मालकाचं.”

“तू मोर्चाले येष्टीनंच जातेस ना? तिले का बैलगाडीचे चाकं असतेत?”

बाबा पुन्हा हसले. माझा मुद्दा चूक नव्हता, आजही नाही. पण आयुष्यभर भांडवलदारांविरुद्ध लिहिणारा माणूस कंपनीच्या रबराबद्दल संध्याकाळभर प्रश्न विचारत होता. माझ्या पत्रकांना मात्र खोडायला लागेल तेवढाच वेळ मिळायचा.

शेवटची आली तेव्हा तिनं चाचणीसाठी बनवलेली एक ट्यूब आणली, बाबांच्या सायकलीच्या मागच्या चाकात स्वतः बसवली, हवा भरली आणि काळे हात माझ्याच ओढणीला पुसले. “आता पंप लावू नोका, काकाजी. पाहू किती टिकते.” तेव्हापासून बाबा रोज सकाळी अंगठ्यानं ते चाक दाबून बघतात.

ती गेल्यावर त्यांनी सायकल बाहेर काढलीच नाही. पुढचं चाक, साध्या ट्यूबचं, केव्हाच बसलं. बाबा पिशवीत पत्रकं घेऊन पायी फिरतात. “सायकल काढा ना, बाबा. पाय सुजून राहिले तुमचे,” मी म्हटलं. “काटा रुतला तं?” एवढंच उत्तर आलं. आणि माझे मसुदे एकही लाल खूण न होता परत येऊ लागले. आधी मी सुखावले. मग शंका आली म्हणून तुमसर तालुक्यातलं बपेरा मुद्दाम पवनी तालुक्यात लिहिलं. तेही तसंच परत आलं. ते वाचतच नव्हते... जाताना तिनं माझी लाल पेन्सिलसुद्धा नेली होती.

म्हणून प्रणालीवर लिहायला घेतलेला हा लेख त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांनी दिवसभर ठेवून घेतला. परत आला तो लालेलाल. ‘तिच्या मातीनं हवा अडवली’ असं मी लिहिलं होतं, ते खोडून वर होतं : ‘अडवत नाही. वाट लांब करते.’ आणि इंधनाच्या वादाशेजारी समासात : ‘हा मुद्दा बरोबर. तिलाही पटला होता.’ हे तिनं मला कधी सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. त्या एका ओळीनं सुखावले मी, आणि जळलेही.

आज सकाळी बाबा परसात चाकाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी मला हाक मारली, माझा अंगठा धरून टायरवर ठेवला. तो किंचित आत गेला.

“उतरली थोडी,” ते म्हणाले.

मी खुंटीवरचा पंप काढला. “भरू का?”

बाबा चाकावर हात ठेवून होते. “राहू दे, बेटा. जाऊ दे तिच्या चालीनं.”

मी पंप परत खुंटीला अडकवला आणि त्यांच्या शेजारी बसले.