पायाळू द्वारकामावशी

आभाळ भरून आलं की आमच्या शेजारच्या द्वारकामावशी आपणहून उठायच्या आणि माणसांपासून लांब जाऊन बसायच्या. मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. आणि पायाळूवर वीज पडते, हे आमच्या अमडापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कंबरेत उसण भरली की त्यांचा पाय लावून घ्यायला गाव दारात उभं. ढग गडगडले की तेच गाव चार हात दूर. त्यामुळे मावशींचा कोणावरच विश्वास नव्हता. दुधापासून डॉक्टरच्या गोळीपर्यंत सगळं त्या दोनदा पारखून घेत.

मी नागपूरला विमानांच्या देखभालीचं काम करतो. त्यांची लेक शीला बंगळूरला बाळंत झाली आणि मावशींना विमानानं न्यायचं काम माझ्यावर आलं.

"माह्या एकटीपायी एवढे लोकं काऊन मारून राह्यला बापा?"

मी समजावलं, विमानाला वीज नवी नाही. एका टोकाला शिरते, बाहेरच्या पत्र्यावरून वाहत दुसऱ्या टोकानं निघून जाते. आतल्यांना झळ लागत नाही. उतरल्यावर आम्ही सगळा पत्रा तपासतो.

"म्हंजे पडते."

"पडते, पण..."

"ज्या इमानावर पडली, त्यात पायाळू कोनी होतं का, हे इचारलं तुम्ही कधी?"

हा प्रश्न आमच्या एकाही साहेबाला सुचला नव्हता.

नातवाच्या ओढीनं शेवटी त्या बसल्या. बंगळूरजवळ ढगांत शिरलो आणि लख्ख उजेड, पाठोपाठ धाडकन आवाज. लोक किंचाळले. मावशींनी माझा धरलेला हात सोडून दिला. "सरक तिकडं," एवढंच म्हणाल्या.

विमान सुखरूप उतरलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मावशी एकेकाच्या तोंडाकडे पाहत बसून राहिल्या. तिथल्या ओळखीच्या मेकॅनिकनं मला फोटो पाठवला. विमानाच्या नाकाजवळ वीज शिरल्याचा तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग. मला फार आनंद झाला.

"मावशी, आता गावात सांगतो. वीज पडली अन् कोनाले काही झालं नाही."

"सांगू नको. म्हनतीन, द्वारका बसली म्हून पडली." मग हळूच म्हणाल्या, "अन् मी बसली नसती तं पडली असती का? तुले तरी पक्कं मालूम हाये?"

शीलानं दारातच बाळ पुढं केलं. मावशींनी हात मागं घेतले. "आधी आभाळ पाहून ये," मला म्हणाल्या.

मी गॅलरीत गेलो. ढग तसेच होते, दूर कुठंतरी चमकतही होतं. आत येऊन म्हणालो, "मोकळं हाये, मावशी."

मावशी आता नाहीत. माझं तेवढं एकच बोलणं त्यांनी पारखून पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि बाळ घेतलं.